कोणतं लाकूड आणू? पहिल्या धनुष्याचं गणित

१. चुकीच्या टोकाला धरलेला प्रश्न

स्वतःच्या हातानं एक लाकडी धनुष्य करून पाहावं असं ज्याच्या मनात येतं, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: लाकूड कोणतं आणू? बंगळुरूच्या शिवाजीनगरात राहणाऱ्याला तो जरा जास्तच सतावतो. पुस्तकांतून आणि व्हिडिओंतून ज्या लाकडांची नावं कानावर पडतात, म्हणजे यू, ऑसेज ऑरेंज, हिकरी, त्यांतलं एकही रसेल मार्केटच्या आसपास सोडाच, म्हैसूर रोडवरच्या टिंबर यार्डांतही सहजी मिळत नाही. मग एकतर परदेशातून महागडी फळी मागवायचे बेत सुरू होतात, नाहीतर उत्साहच मावळतो. या प्रकरणात मांडायचं आहे ते असं की हा प्रश्न चुकीच्या टोकाला धरलेला आहे. जातिवंत लाकूड हाती आलं म्हणून धनुष्य होत नाही. हाताशी आहे त्या लाकडाला किती रुंद, किती जाड आणि किती लांब ठेवायचं हे ज्याला कळतं, त्याचं धनुष्य होतं. पहिलं धनुष्य तुटतं तेही सहसा लाकडाच्या जातीमुळे नव्हे, तर वाकण्याचा सगळा भार एकाच जागी पडल्यामुळे.

हे म्हणणं आजचं नाही, त्याला फार जुना पुरावा आहे. डेन्मार्कमधल्या होल्मेगार्ड इथल्या दलदलीत १९४४ साली सापडलेली धनुष्यं सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीची आहेत आणि ती एल्म या लाकडाची आहेत. एल्म धनुष्यासाठी चालतं, पण ते यूच्या तोडीचं मानलं जात नाही. करणाऱ्यांनी मग त्याचे बाहू रुंद आणि चपटे ठेवले. (मुठीच्या वर आणि खाली जे दोन वाकणारे भाग असतात, त्यांना इथे बाहू म्हणू.) दुसरीकडे, आल्प्समधल्या बर्फात १९९१ साली सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओत्झी’ नावाच्या माणसाजवळ यूचं धनुष्य होतं. ते अर्धवट राहिलेलं आहे. तासल्याच्या खुणा त्यावर अजून स्पष्ट दिसतात. लांबी १.८२ मीटर, म्हणजे ओत्झीच्या स्वतःच्या उंचीपेक्षाही बरीच जास्त. दोन वेगळी लाकडं, दोन वेगळे घाट आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर. जो घाट एल्मला मानवला तोच यूला द्यायला हवा असं काही नव्हतं आणि उलटही नव्हतं.

आणि आपल्याकडे? सातपुड्यातले भिल्ल आणि पावरा, मेळघाटातले कोरकू, गडचिरोलीतले माडिया यांचा तिरकमठा पाहा. यू नाही, एल्म नाही, हिकरी तर नाहीच. बांबू. भिल्लांच्या धनुष्याला तर दोरीसुद्धा बांबूच्याच चिवट सालीची असे. जंगलात जे सरळ, लवचीक आणि मुबलक होतं ते घेतलं आणि त्याला साजेसा घाट दिला. शिवाजीनगरच्या वाचकासाठी ही गोष्ट फारच सोयीची आहे, कारण कँटोन्मेंट रेल्वे स्थानकाच्या बाजूचा बांबू बाजार त्याच्या अगदी हाकेच्या अंतरावर आहे. पण बाजारात जाण्याआधी काठी वाकते तेव्हा तिच्या आत काय होतं, ते समजून घ्यावं लागेल.

२. पाठ आणि पोट

धनुष्य ओढलं की त्याची एक बाजू ताणली जाते आणि दुसरी दाबली जाते. नेमबाजापासून लांब, लक्ष्याकडे तोंड करून असते ती धनुष्याची पाठ. नेमबाजाकडे असते ते पोट. पाठीवरचे तंतू लांब व्हायला बघतात, पोटावरचे आखूड व्हायला. दोन्हींच्या मधोमध एक पातळी अशी असते की तिथले तंतू ना ताणले जातात ना दाबले जातात. म्हणजे सगळी कसोटी अगदी बाहेरच्या दोन पृष्ठभागांवर होते आणि मधलं लाकूड बहुतांशी त्या दोघांना एकमेकांपासून दूर धरून ठेवण्याचं काम करतं.

आता या दोन बाजू मोडतात त्या वेगवेगळ्या तऱ्हेनं. वाळलेलं लाकूड ताण सहन करण्यात बरंच मजबूत असतं, दाब सहन करण्यात तितकं नसतं. त्यामुळे पोट आधी थकतं. पण ते थकतं सावकाश: धनुष्य उतरवल्यावरही थोडा बाक राहतो, फार झालं तर पोटावर आडव्या बारीक सुरकुत्या उमटतात. पाठ मात्र इशारा देत नाही. तिच्यावर एक जरी तंतू मध्येच कापलेला असला, तरी तिथून कपची उठते आणि क्षणात दोन तुकडे हातात येतात. म्हणून पाठीचा नियम एकच आणि तो कडक आहे: पाठीवरचे तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहिले पाहिजेत. फळी घेतली तर तिच्या रेषा लांबीला समांतर धावताना दिसायला हव्यात. त्या तिरक्या होऊन कडेला बाहेर पडत असतील तर ते लाकूड कितीही भारी असो, दुकानातच ठेवावं. ओंडका घेतला तर पाठीसाठी एकच वार्षिक वलय न कापता जपावं असं युरोपात आणि अमेरिकेत शिकवतात. आपल्याकडच्या बऱ्याच झाडांत ही वलयं नीट दिसतच नाहीत. सागवान हा ठळक अपवाद. तेव्हा वलय शोधत बसण्यापेक्षा रेषा शोधाव्यात हे बरं.

जातीपेक्षा रेष महत्त्वाची का, याचं उत्तर इथे मिळतं. तिरक्या रेषांचं उत्तम लाकूड तुटतं आणि सरळ रेषांचं मध्यम लाकूड टिकतं.

३. रुंदी स्वस्त, जाडी महाग

पहिलं धनुष्य करणाऱ्यानं दुसरं काही लक्षात ठेवलं नाही तरी चालेल, पण पुढचा हिशेब ठेवावा. पट्टीची रुंदी दुप्पट केली तर तिचा ताठपणा दुप्पट होतो. जाडी दुप्पट केली तर तो आठपट होतो, कारण जाडी तीनदा गुणली जाते: दोन गुणिले दोन गुणिले दोन. उलट्या दिशेनं बघू. बाहू ४० मिलिमीटर रुंद आणि १२ मिलिमीटर जाड आहे. रुंदीतून एक मिलिमीटर काढला तर ताठपणा अडीच टक्क्यांनी घटेल; हाताला कळणारही नाही. तोच एक मिलिमीटर जाडीतून काढला, तर अकरा भागिले बारा ही संख्या तीनदा गुणून येतं ०.७७. म्हणजे जवळजवळ पाव ताकद गेली, तीही रंध्याच्या थोड्याशा फेऱ्यांत. नवखा माणूस ‘अजून जरासं’ म्हणत जातो आणि ४० पौंडांचं (म्हणजे पूर्ण ओढायला ४० पौंडांचा जोर लागणारं) धनुष्य बघताबघता १५ पौंडांचं होतं, ते यामुळे.

याच हिशेबाला दुसरी बाजू आहे. ठरावीक बाकाला वाकवलं असता पृष्ठभागावरच्या तंतूंना किती ताणावं लागेल, हे जाडीवर ठरतं, रुंदीवर नाही. पातळ पट्टी वाकवली तर तिच्या तंतूंना त्रास कमी. म्हणजे लाकूड दुबळं असेल तर उपाय सरळ आहे: जाडी कमी करा आणि गेलेली ताकद रुंदीतून भरून काढा. रुंदीत ताकद मिळते आणि तंतूंना त्याची झळ लागत नाही. होल्मेगार्डच्या एल्मला रुंद बाहू मिळाले त्यामागचं कारण हेच. तिसरा मार्ग लांबीचा. लांब धनुष्याला तेवढ्याच ओढीसाठी कमी बाक घ्यावा लागतो. दोरी ६६ सेंटिमीटरपर्यंत ओढायची असेल आणि मूठ ताठ ठेवायची असेल, तर १७० सेंटिमीटरची लांबी नवख्याला पुरेशी सुरक्षित आहे. त्यापेक्षा आखूड धनुष्य दिसायला चटपटीत असतं, पण पहिल्या प्रयत्नात त्याच्या मागे लागू नये.

इथे एक आक्षेप हमखास येतो. इंग्रजांची लांब धनुष्यं अरुंद आणि जाड होती, तरी जगभर गाजली. मग रुंद-पातळाचा हा आग्रह कशासाठी? १५४५ साली बुडालेल्या आणि १९८२ साली वर काढलेल्या ‘मेरी रोझ’ या युद्धनौकेवर १३७ अखंड धनुष्यं मिळाली. त्यांची ओढ १०० पौंडांच्या वर, काहींची १८० च्या आसपास असावी असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्यांचा छेद खरोखरच जाड, गोलसर आहे. पण ती सगळी यूची आहेत. यूचं आतलं लाकूड दाब विलक्षण सोसतं आणि बाहेरचं फिकट लाकूड ताण सोसतं. निसर्गानंच पाठ आणि पोट वेगळं करून दिलेलं. त्या लाकडाला अरुंद-जाड घाट परवडतो. तोच घाट इतर लाकडांना देणं ही केवळ नक्कल होती, आणि अमेरिकेतल्या हौशी लोकांनी ती बरीच वर्षं केली. १९३० च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन या अभियंत्यानं धनुष्याच्या छेदाचा गणितानं आणि प्रयोगांनी अभ्यास केला. चपटा, आयताकृती छेद तंतूंवरचा भार अधिक चांगला वाटतो, असं त्यातून दिसलं. त्यानंतर अमेरिकेत चपट्या बाहूंची धनुष्यं रुळली. म्हणजे इंग्रजी धनुष्याचं उदाहरण आपल्या म्हणण्याच्या विरुद्ध जात नाही. लाकूड जसं, घाट तसा. एवढंच तेही सांगतं.

४. बांबू बाजारात काय बघायचं

आता निवड. बंगळुरूच्या परिसरात रेशमासाठी तुती भरपूर लावतात आणि तुती ही ऑसेज ऑरेंजच्याच कुळातली. सरळ, जाड खोड मिळालं तर तिचं धनुष्य होतं. पण रेशमाची तुती झुडूप म्हणून छाटलेली असते, त्यामुळे तसं खोड मिळणं हा योग. धामण हे आणखी एक नाव. तिचं लाकूड लवचीक म्हणून कावडीला, कुऱ्हाडीच्या दांड्याला पूर्वापार वापरतात. कर्नाटकात तिला तडसलु म्हणतात. वखारीत विचारून पाहायला हरकत नाही. खोक्यांचं पाइन टाळावं, ते मऊ असतं आणि गाठींनी भरलेलं. बांधकामाच्या पराच्यांसाठी येणारे सुरूचे वासे वजनदार आणि कणखर असतात, पण वाळताना चिरतात. या सगळ्यांत नवख्याला सर्वांत कमी अडचणीचा पडतो तो बांबू.

बांबू हे लाकूड नव्हे, गवत आहे, मग याला लाकडी धनुष्य कसं म्हणायचं, असं कुणी विचारेल. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं आक्षेप बरोबर आहे आणि कामाच्या दृष्टीनं निरर्थक. करवतीनं कापलेल्या बांबूचं तोंड पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत करा आणि उजेडात धरा. भिंतीच्या जाडीत काळपट ठिपके दिसतील. प्रत्येक ठिपका म्हणजे लांबीभर धावणाऱ्या तंतूंची जुडी. बाहेरच्या सालीलगत हे ठिपके इतके दाट असतात की वेगळे मोजता येत नाहीत; आत जावं तसे ते मोठे आणि विरळ होतात, आणि पोकळीच्या कडेला तर फिकट, भुसभुशीत गरच जास्त. म्हणजे ज्या बाजूनं ताण सोसायचा तिथे तंतू आयते एकवटलेले आहेत, तेही पेरापेरांतून अखंड. लाकडात अखंड पाठ शोधावी लागते. बांबूत ती साल म्हणून तयार मिळते. अट एकच: सालीला हत्यार लावायचं नाही. पेरांवरचे उंचवटे फार टोचत असतील तर हलक्या हातानं गुळगुळीत करावेत, सपाट करू नयेत. सगळी तासातास आतून, पोटाकडून.

जात कोणती? महाराष्ट्रात मानवेल म्हणतात तो बांबू कोरड्या डोंगरांत जवळजवळ भरीव वाढतो. पण त्याचा घेर लहान. कळक जाड घेराचा असतो. आपल्याला रुंद पट्टी हवी आहे आणि रुंद पट्टीला मोठा घेर लागतो, याचाही हिशेब करून बघण्यासारखा आहे. १० सेंटिमीटर व्यासाच्या बांबूतून साडेचार सेंटिमीटर रुंद पट्टी काढली, तर तिच्या पाठीचा मध्य कडांपेक्षा सुमारे ५ मिलिमीटर उंच राहतो. १५ सेंटिमीटर व्यासातून काढली तर साडेतीनच. मध्य जितका उंच, तितका ताण त्या अरुंद माथ्यावर एकवटतो आणि कडा निष्क्रिय राहतात. तेव्हा शिडीसाठी किंवा पराचीसाठी ठेवलेल्यांपैकी मोठ्या घेराचा, बुडाकडचा, निदान १२ मिलिमीटर जाड भिंतीचा तुकडा मागावा. वय तीन-चार वर्षांचं हवं. कोवळ्या बांबूचा रंग तजेलदार हिरवा असतो, सालीवर पांढुरकी भुकटी असते आणि वाळल्यावर तो आक्रसतो. पक्व बांबूची साल मंद, डागाळलेली असते आणि बोटानं ठोकल्यावर आवाज खणखणीत येतो. जमिनीवर बारीक पिठासारखा भुसा सांडलेला दिसला तर ती रास सोडून पुढे जावं. आत किडा आहे. बांबूतल्या पिष्टावर तो जगतो, म्हणूनच पिष्ट कमी असताना, कोरड्या थंडीत तोडलेला माल जास्त टिकतो.

बांबू आणायला वनखात्याचा परवाना लागतो का, ही शंकाही पुष्कळांना असते. वनक्षेत्राबाहेर वाढवलेला बांबू २०१७ सालच्या दुरुस्तीनंतर भारतीय वन कायद्याच्या ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला आहे. बाजारातून एक बांबू खांद्यावर टाकून नेणाऱ्यानं काळजी करावी ती फार तर रिक्षावाल्याची.

बांबू करवतीनं उभा चिरत बसू नये. कोयता तोंडावर ठेवून लाकडी ठोकळ्यानं ठोकला की तो तंतूंच्या रेषेनं आपोआप फुटत जातो, आणि कुठला बांबू पिळदार आहे हेही तिथेच कळतं. फूट सरळ खाली न जाता वळत गेली तर तो तुकडा दुसऱ्या कामाला ठेवावा.

५. हवा कुणाच्या बाजूची?

लाकूड आणि बांबू हवेतलं पाणी घेतात आणि सोडतात. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास राहिली, तर लाकडात वजनाच्या सुमारे १२ टक्के पाणी ठरतं. ५० टक्क्यांना ९. ८५ टक्क्यांना १७-१८. धनुष्याला ८ ते १२ टक्के मानवतं. त्याहून ओलं असेल तर पोट दबतं आणि बाक कायमचा राहतो; फारच कोरडं झालं तर पाठ तडकते. कोकणात पावसाळ्यात धनुष्य करणं म्हणूनच अवघड. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटरवर आहे आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथली दुपारची आर्द्रता ३०-४० टक्क्यांपर्यंत उतरते, त्यामुळे शिवाजीनगरातल्या एखाद्या गच्चीखालच्या सावलीत चिरलेली पट्टी काही आठवड्यांत वाळते. वाळली की नाही, याला यंत्र नको. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर आठवड्याला वजन करावं. ते घटायचं थांबलं की पट्टी तयार. उन्हात मात्र ठेवू नये. बाहेरची बाजू आधी आक्रसते आणि चीर पडते.

हवेच्या या मुद्द्यावरच आणखी एक आक्षेप निकालात निघतो. ज्या शहाजीराजांना १६३८ नंतर बंगळुरूची जहागीर मिळाली, त्यांच्या काळात दख्खनच्या फौजांत शिंग, लाकूड आणि स्नायुतंतू सरसानं जोडून केलेली वक्र धनुष्यं होती. ती आखूड, घोड्यावरून चालवण्याजोगी आणि ताकदवान. मग तसंच का करू नये? शिंग दाब सोसतं आणि स्नायुतंतू ताण सोसतात, त्यामुळे ती लाकडी धनुष्यापेक्षा सरस होती, यात वाद नाही. पण एक धनुष्य पुरं व्हायला कित्येक महिने, कधी वर्षही लागे, आणि प्राण्यांच्या सरसाला ओली हवा सोसत नाही. ते उस्तादाचं काम. पहिल्या धनुष्यासाठी पावसाळ्यातही न विरघळणारी एकसंध पट्टी बरी.

६. वाक जुळवणं

आता मुख्य काम. वरच्या सगळ्या तयारीला याच्यापुढे दुय्यम मानावं लागेल.

बाहूचा आकार आधी ठरवू. दोरी टोकाला ओढते, म्हणून वाकवणारा जोर टोकाशी शून्य असतो आणि मुठीकडे येताना सारखा वाढत जातो. तेव्हा पट्टीची जाडी सगळीकडे एकच ठेवली आणि रुंदी मुठीजवळ साडेचार सेंटिमीटर, तिथून टोकाला सव्वा सेंटिमीटरपर्यंत सरळ रेषेत निमुळती केली, तर जोर वाढतो त्याच प्रमाणात रुंदी वाढते आणि बाहू जवळजवळ वर्तुळाच्या तुकड्यासारखा वाकतो. हा घाट नवख्याला दोन कारणांनी सोयीचा आहे. एक, बांबूची भिंत मुळातच जवळपास एका जाडीची असते. दोन, बाक वर्तुळाकार आहे की नाही हे डोळ्याला लगेच कळतं, इतर आकार ओळखायला सराव लागतो. मधोमध २० सेंटिमीटरचा लाकडी ठोकळा चिकटवून मूठ करावी आणि तिची दोन्ही टोकं बाहूत उतरती मिसळावीत. तिथे पायरी राहिली तर ठोकळा सुटून येतो.

वाक जुळवणं म्हणजे प्रत्येक इंचाला त्याच्या वाट्याचंच ओझं देणं. पालखीच्या भोयांपैकी एकानं खांदा काढला तर त्याचं ओझं नाहीसं होत नाही, शेजारच्यावर जातं. बाहूचा एखादा भाग ताठ राहिला, वाकलाच नाही, तर त्याच्या लगतचा भाग दोघांचं वाकतो आणि शेवटी तिथेच मोडतो. गंमत अशी की तुटलेली जागा दुबळी म्हणून आपण तिला दोष देतो. खरा कामचुकार शेजारी असतो. म्हणून या कामाचा नियम नवख्याच्या मनाच्या उलट आहे. जास्त वाकणाऱ्या जागेला अजिबात हात लावायचा नाही. कमी वाकते ती जागा शोधायची आणि तिथूनच काढायचं.

ती शोधायची कशी? आधी एक टोक जमिनीवर टेकवून, मूठ धरून, हलकेच दाबून बघावं. मग भिंतीवर आडवा आधार ठोकून त्यावर धनुष्याची मूठ ठेवावी, टोकांना सैल, लांब दोरी अडकवावी आणि ती खालच्या कप्पीतून घेऊन दूर उभं राहून ओढावी. दूर उभं राहण्याचं कारण सांगायला नको. दोरीत प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा अडकवला की ओढ किती पौंड भरली तेही कळतं. वाकलेल्या अवस्थेत पोटाच्या बाजूनं १५ सेंटिमीटरची एक सरळ पट्टी बाहूवर सरकवत न्यावी. पट्टीच्या मध्याखाली जी फट दिसते ती बाहूभर सारखी असायला हवी. जिथे फट बारीक होते तिथे पेन्सिलीनं खूण. खूण आहे तेवढाच भाग कानशीनं किंवा काचेच्या तुकड्यानं खरवडायचा. मग धनुष्य वीसतीस वेळा थोडंथोडं वाकवायचं आणि पुन्हा पट्टी. ही मधली वीसतीस वेळा वाकवण्याची पायरी लोक गाळतात. तंतूंना नवी जाडी लगेच कळत नाही; खरवडल्याचा परिणाम काही ओढींनंतर दिसतो. तोवर थांबलं नाही तर गरजेपेक्षा जास्त निघून जातं, आणि जाडीचा हिशेब आपण वर पाहिलाच आहे.

दोन बंधनं पाळावी लागतात. ठरवलेल्या ताकदीपेक्षा जास्त कधीही ओढायचं नाही. ३० पौंडांचं धनुष्य हवं असेल तर काट्यावर ३० भरले की तिथेच थांबायचं, मग दोरी ४० सेंटिमीटरच आली असो. खरवडत जाऊ तसे तेच ३० पौंड पुढेपुढे मिळत जातील. आणि एखादी जागा बिजागरीसारखी वाकताना दिसली तर त्या क्षणी ओढ सोडायची. ती सुधारेपर्यंत पुन्हा तेवढं वाकवायचं नाही. बांबूत बुडाकडची भिंत जाड असल्यामुळे एक बाहू दुसऱ्यापेक्षा ताठ निघतो, त्याच्याकडे जास्त वेळ जातो. पोटाचा आतला मऊ गर तर सुरुवातीलाच काढून टाकावा, तो दाब सोसत नाही.

इतकं करूनही दोरी उतरवल्यावर धनुष्य थोडं वाकलेलं राहील. टोकं मुठीच्या रेषेपासून चारपाच सेंटिमीटर मागे राहिली तर काम चांगलं झालं म्हणायचं. त्याहून जास्त राहिली तर पट्टी ओली होती किंवा पोटावर जाडीच्या मानानं फार भार पडला.

पण मग ३० पौंडच का, पन्नासाचं करावं की, असं तरुणांना वाटतं. उत्तर आकड्यांत आहे. ३० पौंड म्हणजे सुमारे १३३ न्यूटन. दोरी चढवलेल्या स्थितीपासून अर्धा मीटर ओढली आणि जोर शून्यापासून सारखा वाढत गेला, तर साठलेली ऊर्जा साधारण ३३ जूल. पहिल्या धनुष्यातून तिच्यापैकी साठ टक्के बाणाला मिळाली असं धरू. म्हणजे २० जूल. २५ ग्रॅमचा बाण तेवढ्यात सेकंदाला ४० मीटर, म्हणजे ताशी १४४ किलोमीटर वेगानं सुटतो. शिकायला हे पुष्कळ झालं. बांबूच्या पट्टीची रुंदी त्याच्या घेरामुळे फार वाढवता येत नाही, म्हणून पन्नास पौंडांसाठी त्याच लांबीत जाडी वाढवावी लागेल, म्हणजे तंतूंवरचा ताण वाढेल आणि चुकीला जागा उरणार नाही.

७. दोरी, बाण आणि जागा

दोरी ताणली न जाणारी हवी. नायलॉन लांबतं, ते नको. चामडं शिवायचा जाड पॉलिएस्टर दोरा पीळ देऊन अनेक पदरी करावा. तो धनुष्याच्या ओढीच्या चौपट वजन पेलेल एवढा असावा. भिल्लांची बांबूच्या सालीची दोरी याच कारणानं चांगली: ती लांबत नाही. खाचा बाजूंनी, उथळ आणि गोल कराव्यात. त्या पाठीवरून आडव्या कापल्या तर जपलेली अखंड साल नेमकी टोकाला तुटते. आणि बाण न लावता ओढलेली दोरी कधीही सोडू नये. बाण जी ऊर्जा घेऊन जाणार होता ती मग धनुष्यातच फिरते.

तयार फायबरग्लासचं धनुष्य सहज विकत मिळत असताना हा खटाटोप का, हा शेवटचा आक्षेप रास्त आहे. नेमबाजीच शिकायची असेल तर विकत घ्यावं, त्यात कमीपणा नाही. २०२३ साली बर्लिनमध्ये जगज्जेते झालेले साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कप्प्या लावलेल्या कंपाउंड धनुष्यावर खेळतात. त्या खेळाला लाकूड उपयोगाचं नाही. मात्र एकच जाडी सगळीकडे सारखी वाकते म्हणजे काय, हे विकतच्या धनुष्यातून कधी कळत नाही, कारण ते कारखान्यात आधीच जुळवून दिलेलं असतं.

शिवाजीनगरच्या गल्ल्यांत बाण सोडायला जागा नाही आणि गच्चीवरून तो सोडणं म्हणजे गुन्हा ओढवून घेणं. शिकारीचा विचारही नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ती बंद आहे. लक्ष्यामागे मातीचा उंच बांध असलेली, वापरात असलेली धनुर्विद्येची जागा गाठावी आणि पहिले बाण दहा मीटरवरून मारावेत. साध्या धनुष्याला स्पर्धेतही जागा आहे: भारतीय धनुर्विद्येत ‘इंडियन राउंड’ नावाचा वेगळा गट बांबूच्या आणि लाकडी धनुष्यांसाठी ठेवलेला आहे. त्यातली अंतरं ३० आणि ५० मीटर. तीस पौंडांच्या धनुष्याला यांतलं पहिलं आवाक्यातलं आहे. दुसऱ्यासाठी बाण हलके करावे लागतील, किंवा बांबू बाजारात आणखी एक खेप.